चुकलेला दृष्टान्त

वाचक माउली, जळगाव-धुळ्याचा मे महिना तुम्हाला नवा नाही. एवढे ऊन का तापते, असे कोणी विचारले तर काय सांगाल? "सूर्य जवळ येतो म्हणून," असेच ना? मीही अनेक वर्षे कीर्तनात हेच सांगत आलो. देवाच्या जवळ गेले की ऊब वाढते, असा दृष्टान्तही त्याला जोडत असे.

एकदा कीर्तन संपल्यावर सातवीतली एक मुलगी पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, सूर्य तर जानेवारीत जवळ असतो ना?"

तिचेच खरे होते. जानेवारीच्या आरंभी, आपल्याकडे शेकोट्या पेटतात तेव्हा, सूर्य सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लाखांवर. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे किरण सरळ पडतात आणि दिवसही मोठा असतो. हिवाळ्यात ते तिरपे येऊन पसरतात. पडताळा घ्यायचा तर मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात काठी उभी करा. सावली तिच्या पायाशीच मावळते. जानेवारीच्या आरंभी त्याच वेळी ती जवळजवळ काठीएवढी लांब पडते.

लोक म्हणतात, विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरे. त्याचा भरवसा काय? पण चूक पडताळून सोडून देणे हा दोष कसा? आपण तर अनुतापाला परमार्थाची पहिली पायरी मानतो.

मग प्रश्न माझा उरला. चूक साऱ्या गावासमोर केली. कबुली एका मुलीजवळ देऊन भागेल का? मन म्हणाले, भाव तर खरा होता, दाखल्याचे काय एवढे? पण दाखला खोटा निघाला म्हणून उद्या त्या लेकराने भावच खोटा मानला, तर दोष कोणाचा?

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहे. चौदाशे वर्षांचे म्हणवणारे चांगदेव लहानग्या मुक्ताईपुढे नमले, ही कथा आपण प्रेमाने सांगतो. स्वतःवर वेळ आली की मात्र आपल्याला आपले वय आठवते.

पुढच्या एकादशीला त्याच गावात उभा राहिलो आणि आधी चूक सांगितली. मुलगी पुढेच बसली होती. माउली, तुम्हीही माझे काही चुकीचे ऐकले असेल, तर पाया पडून निघून जाऊ नका, तिच्यासारखे विचारा.

राम कृष्ण हरि.