पुढची तारीख कोणाची?

२०१६ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, न्यू जर्सीत माझी पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली. आदल्या रात्री पोट साफ करण्याचे ते खारट, लिंबाच्या वासाचे औषध पेल्यामागून पेला घशाखाली उतरवताना वाटले होते, एवढी रात्र गेली की सुटले. आठवड्याभराने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला : ट्यूब्युलर ॲडिनोमा, १२ मिलिमीटर, पूर्ण काढला, कॅन्सर नाही. खाली एक ओळ होती : तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. मी 'कॅन्सर नाही' एवढेच वाचले आणि कागद फायलीत ठेवून दिला. पुढे आम्ही टेक्सासला आलो, विमा बदलला, जुने क्लिनिक बंद झाले. आठवणीचे पत्र आले असलेच तर जुन्या पत्त्यावर गेले असणार. तिसऱ्या वर्षीची तपासणी सहाव्या वर्षी झाली आणि १५ मिलिमीटरचा आणखी एक पॉलिप निघाला. त्यातही कर्करोग नव्हता, याचे श्रेय मी नशिबाशिवाय कोणाला देऊ?

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब. ॲडिनोमा जातीचे काही कोंब अनेक वर्षे घेत हळूहळू कर्करोगाकडे सरकतात. कोंब काढला की ती वाट तिथेच तुटते. पण एकदा कोंब उगवलेल्या आतड्यात नवे उगवू शकतात, म्हणून नंतरची देखरेख. ती किती वर्षांनी करायची, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीने १९९३ मध्ये दाखवले की पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही वर्षी तपासले काय, किंवा थेट तिसऱ्या वर्षी तपासले काय, गंभीर ॲडिनोमा सापडण्याचे प्रमाण सारखेच राहते. २०२० च्या अमेरिकी शिफारशी याच दिशेने आणखी पुढे गेल्या. १० मिलिमीटरपेक्षा लहान असे एक-दोनच ॲडिनोमा असतील, तर पुढची तपासणी ७ ते १० वर्षांनी. १० मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा असेल, तर ३ वर्षांनी. २० मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला, तर ६ महिन्यांनी.

व्यवहारात मात्र ज्याला गरज त्याच्याकडे दुर्लक्ष आणि ज्याला नाही त्याची धावपळ, असे घडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर ॲडिनोमा निघालेल्या दहांपैकी जेमतेम सहा जणांची पाच वर्षांत पुन्हा तपासणी झाली होती. उलट एकही ॲडिनोमा न निघालेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक पुन्हा नळीखाली गेले होते. याची कारणे समजण्यासारखी आहेत. रुग्णाला भीती असते, डॉक्टरांना काही सुटून जाण्याची धास्ती असते, आणि पैसे दर तपासणीमागे मिळतात. पण ही तपासणी निरुपद्रवी नाही. क्वचित का होईना, आतड्याला भोक पडते, रक्तस्राव होतो. वय वाढते तसा धोकाही वाढतो. शिवाय अनावश्यक तपासणीने अडवलेली वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी आवश्यक तपासणीची असते.

लांबच्या तारखेवर विसंबायचे, तर पहिली तपासणी चोख हवी. आतडे नीट साफ नसेल, तर दहा वर्षांच्या आश्वासनाला अर्थ नाही. डॉक्टरागणिकही फरक पडतो. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात, ॲडिनोमा शोधण्याचे डॉक्टरांचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्यांच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणून 'पुन्हा कधी येऊ?' याच्या आधी 'या वेळी नीट दिसले का?' हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

आणि ती तारीख सांभाळायची कोणी? माझी चूक मी नाकारत नाही. तो कागद माझ्याच फायलीत होता. पण घर, नोकरी, विमा बदलणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवर तीन वर्षे, सात वर्षे, दहा वर्षे टांगून ठेवायची, याला देखरेख म्हणता येत नाही. पॉलिप काढणाऱ्यानेच तारखेचीही जबाबदारी घ्यावी : रुग्णाला कारणासह लेखी द्यावी, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवावी, आणि रुग्ण आला नाही तर शोध घेणारी नोंद ठेवावी.

त्या कागदाचा संबंध माझ्यापुरता नव्हता, हेही मला उशिराच कळले. माझा ॲडिनोमा साठीच्या आत निघालेला आणि मोठा, म्हणून सख्ख्या भावंडांनी चाळिशीपासूनच तपासून घ्यावे, असे अमेरिकी शिफारशी सांगतात. धाकटा भाऊ साताऱ्यात, तेव्हा चोपन्न वर्षांचा. भारताच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग आहेत, मोठे आतडे नाही. त्याला बोलावणे येणार कुठून? मीच फोन केला. "ताई, मला काही त्रासच नाही," म्हणत महिनाभर टाळले त्याने, मग गेला. दोन ॲडिनोमा निघाले, ४ आणि ५ मिलिमीटरचे. तेव्हापासून तो विचारतो, "दर वर्षी करून घेऊ का?" मी दर वेळी त्याला रिपोर्टवरची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावते. तिथे सात वर्षे लिहिले आहे. ती तारीख आता त्याच्याइतकीच माझ्याही वहीत आहे.