फीडबॅक घेतला, पुढे काय झालं?

भिवंडीचा नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की शेलार येतं. यंत्रमाग आणि डाइंगच्या या पट्ट्यातून मुलंमुली भिवंडीच्या, कल्याण-ठाण्याच्या कॉलेजांत शिकायला जातात. त्यांतल्या अनेकांच्या घरात पदवीच्या वर्गात बसलेलं हे पहिलंच माणूस. सेमिस्टर संपत आलं की अशा वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक येते : विभागातलं शिकवणं कसं वाटलं ते भरा. बरीच मुलं सगळीकडे ‘उत्तम’वर टिचकी मारून मोकळी होतात. याला मुलांचा बेफिकीरपणा म्हटलं जातं, आणि ते मला अजिबात पटत नाही. मागच्या वर्षी लिहिलेल्याचं काय झालं हे कुणी सांगितलंच नसेल, तर यंदा विचार करून लिहायचं कशासाठी? शिवाय अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याबद्दलच लिहायचं असतं. नाव गुप्त राहील या आश्वासनावर तीस जणांच्या वर्गातली मुलगी सहज विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न मुळात वाईट नाहीत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने 2017 च्या सुमारास त्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यातला पहिलाच प्रश्न नेमका आहे : अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला? असे वीस प्रश्न, आणि शेवटी शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहायची जागा. कॉलेजने स्वतः गोळा केलेल्या अभिप्रायांवर काय कारवाई केली, तेही नॅक विचारते. त्यामुळे कारवाईचा अहवाल तयार होतो, फायलीत लागतो, संकेतस्थळावर चढतो. पण तो लिहिताना डोळ्यांसमोर असते तपासायला येणारी समिती. ज्या वर्गाने तक्रार केली, त्या वर्गात तो कुणी वाचून दाखवत नाही. दोष इथे आहे.

मुलांच्या पसंतीवरून आपली पारख होईल ही शिक्षकांची भीतीही खरी आहे, ती उडवून लावू नये. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना वर्ग निवडता येत नाही, ते वाटून दिले जातात. तिथल्या माहितीवर कॅरेल आणि वेस्ट या संशोधकांनी 2010 साली अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या वर्गात गणिताच्या पहिल्या अभ्यासक्रमात गुण चांगले आले, त्या प्राध्यापकांना मुलांची पसंतीही जास्त मिळाली; पुढच्या, अवघड गणितात मात्र त्यांचेच विद्यार्थी मागे पडले. म्हणजे आवडणं आणि शिकणं एकच नव्हे. आपल्याकडे तर अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. दरवर्षी नव्याने नेमणूक होणाऱ्या माणसाच्या नावापुढे सरासरी 3.1 लिहिणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं ठरू शकतं. त्याच विषयाची कायम जागा वर्षानुवर्षं भरली गेली नाही, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो.

म्हणून विचारायचं ते एकेका शिक्षकाबद्दल नव्हे, विभागाबद्दल, आणि सेमिस्टरच्या मध्यावर. काय समजलं नाही, कुठे वेग फार झाला, प्रॅक्टिकल झाली का, ग्रंथालयात पुस्तक मिळतं का. लिहिणाऱ्याला मराठी, उर्दू, हिंदी, जी भाषा हाताशी असेल ती चालेल, असं वर्गात मोठ्याने सांगून. दोन आठवड्यांत विभागप्रमुखांनी त्याच वर्गात उभं राहून सांगावं : हे बदलतो, हे आमच्या हातात नाही, प्राचार्यांकडे पाठवलंय, ही मागणी मान्य नाही, कारण असं. नकारसुद्धा कारणासह मिळाला, तर पुढच्या वेळी मूल विचार करून लिहील. सेमिस्टरच्या अखेरीस भरलेल्या फॉर्मचा उपयोग झाला तरी तो पुढच्या तुकडीला. भरणाऱ्याचा पेपर तोवर होऊन गेलेला असतो.

विभागाच्या हाती नसलेलं कुठे न्यायचं, याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव बसतात. विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या होत्या. या कायद्याने त्या परत आणल्या, पण 2019 साली त्या पुढे ढकलल्या गेल्या. निवडून आलेला प्रतिनिधी नसेल तर समितीतली ती खुर्ची मुलांच्या वतीने बोलत नाही. निवडणुकीची वाट पाहत असतानाही एक गोष्ट लगेच करता येईल. विभागांनी वर्गात दिलेली उत्तरं, नकारांसकट, समितीच्या प्रत्येक बैठकीपुढे ठेवावीत आणि तिथे काय ठरलं ते विभागाच्या फलकावर लावावं.