दर्शन आणि प्रदर्शन

जत्रेतल्या रहाटपाळण्यात बसताना त्याची वंशावळ कोणी विचारीत नाही. चार खणांचा, माणसांनी हाताने ओढून फिरवायचा लाकडी पाळणा आपल्या देशी जुनाच आहे. त्याचे नावच मुळी विहिरीवरच्या रहाटावरून पडले. परंतु विजेच्या दिव्यांनी लखलखणारे, देवळाच्या शिखराशी उंचीची स्पर्धा करणारे जे लोखंडी चक्र आज आमच्या जत्रांतून उभे राहते, त्याचा मूळपुरुष अमेरिकेतील शिकागो शहरी १८९३ साली उभा राहिला. त्या चक्राच्या पायथ्याशी तिकीट लावून आणखीही काही दाखवीत असत, ते म्हणजे माणसे. चक्र आम्ही तिकडून घेतले. माणसे दाखविण्याची हौस मात्र कोणाकडून घ्यावी लागली नाही. ती आमच्यापाशीही होतीच. या लेखाचा विषय ती हौस होय.

कोलंबसाच्या सफरीस चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने शिकागोस ते जागतिक प्रदर्शन भरले. १ मे ते ३० ऑक्टोबर या सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेश झाले. मिशिगन सरोवराच्या काठी उभारलेल्या पांढऱ्याशुभ्र प्रासादांमुळे लोक त्यास श्वेतनगरी म्हणू लागले. ते प्रासाद संगमरवरी दिसत, पण बहुतेक सारे गिलाव्यात ताग मिसळून केलेले होते, आणि पुढल्याच वर्षी त्यांतील मोठा भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. या नगरीच्या पश्चिमेस सुमारे मैलभर लांबीची एक पट्टी करमणुकीसाठी राखली होती. तिचे नाव मिडवे. अमेरिकेत आजही जत्रेतल्या खेळांच्या भागास मिडवेच म्हणतात.

मिडवेच्या मध्यभागी ते चक्र होते. उंची २६४ फूट, डबे ३६, एकेका डब्यात साठ माणसे. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसे जमिनीवरून उचलली जात. ते बांधणारा जॉर्ज फेरिस पुलांची कामे करणारा इंजिनिअर होता. नफ्याच्या वाटणीवरून प्रदर्शनाच्या चालकांशी त्याचे कज्जे चालले, आणि १८९६ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. (कज्ज्यांनी कोणाचे आयुष्य वाढल्याचे आमच्याही पाहण्यात नाही.) चक्र पुढे सेंट लुई शहरी १९०४ च्या प्रदर्शनात गेले आणि १९०६ साली सुरुंग लावून ते पाडण्यात आले.

त्या चक्राच्या दोन्ही अंगांस 'खेडी' वसविली होती: जावाचे, लॅपलंडचे, पश्चिम आफ्रिकेतील दाहोमीचे. त्या त्या देशांची माणसे आणून त्यांस त्यांच्या वेषात, त्यांच्या झोपड्यांत बसविले होते. हे मानववंशशास्त्राचे शिक्षण आहे असे चालकांचे म्हणणे होते. शास्त्राच्या बाजूस हार्वर्डचे एक प्राध्यापक होते, आणि व्यवस्था एका तरुण व्यावसायिकाच्या हाती होती. दोहोंतले कोण वरचढ ठरले हे सांगावयास नको. गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे स्वातंत्र्याचे थोर वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस त्या प्रदर्शनात हैतीचे प्रतिनिधी होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वास श्वेतनगरीत जागा नाही, आणि मिडवेवर मात्र दाहोमीचे लोक रानटीपणाचा नमुना म्हणून उभे केले आहेत, हे त्यांच्या जिव्हारी लागले. आयडा वेल्स यांच्यासह त्यांनी या अन्यायावर पुस्तिका काढली. तथापि संतापाच्या भरात डग्लस दाहोमीच्या त्या बिचाऱ्यांविषयीही कठोर बोलले. अपमान झालेला माणूस कधी कधी स्वतःहून दुबळ्यावर तो अपमान लोटतो. थोरांसही हे चुकलेले नाही.

त्याच शहरी, त्याच ऋतूत, काही मैलांवर सर्वधर्मपरिषद भरली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावी राहून पुढे गोव्यास आलेले स्वामी विवेकानंद ११ सप्टेंबर रोजी तेथे उभे राहिले, आणि मुंबईचे बळवंत नगरकरही त्या व्यासपीठावरून बोलले. आपण हा प्रसंग अभिमानाने आठवतो. पण एक गोष्ट आपण सांगत नाही. त्या सभागृहातही अनेक डोळे प्रथम स्वामींच्या फेट्याकडे आणि भगव्या झग्याकडेच लागले होते. वृत्तपत्रांनी त्यांचे रसभरित वर्णन केले. मिडवेवरचा माणूस आणि व्यासपीठावरचा माणूस, दोघेही आधी नवलच होते. मग भेद कोठे? व्यासपीठावरच्यास बोलता येत होते. त्याने श्रोत्यांस बहीणभाऊ म्हणून हाक मारली, आणि पाहणाऱ्यांस आपणही पाहिले जात आहोत हे कळले.

आम्ही देवळात जातो ते दर्शनास. देव आम्हांला पाहतो या श्रद्धेनेच आम्ही देवास पाहतो; म्हणून गाभाऱ्यापुढे कोणी छाती काढून उभा राहत नाही. प्रदर्शनात दृष्टी एकाच बाजूने वाहते. पाहणारा पैसे देतो आणि त्या पैशांनी उलट पाहिले जाण्यापासून आपली सुटका करून घेतो.

येथे आमच्यातला वकील हरकत घेतो. संमती असेल तर तक्रार कसली? भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १४, मुक्त संमती म्हणजे काय ते सांगते. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, मग करार चोख. शिकागोतच याची परीक्षा झाली. लॅब्राडोरहून साठाच्या आसपास इनुइट स्त्रीपुरुष आणि मुले आणली होती. थंडी ओसरून उष्मा वाढला तरी त्यांनी केसाळ कातड्यांचे पोशाख घालावेत असा चालकांचा आग्रह, कारण प्रेक्षक त्यासाठीच येत. त्यांनी नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि काही कुटुंबे मोकळी होऊन बाहेर पडली.

गोष्ट येथे संपती तर आम्हांस ती सांगणे सोपे गेले असते. पण बाहेर पडलेल्या त्या कुटुंबांनी काय केले? प्रदर्शनाच्या आवाराबाहेर स्वतःचेच एस्किमो खेडे मांडले. तीच माणसे, तीच कला, तोच गर्दीचा डोळा. फरक एवढाच की दार कधी उघडावे आणि अंगात काय घालावे, हे आता ती ठरवीत होती. हा फरक थोडा की फार? आम्हांस तो फार वाटतो. पण पुरेसा वाटत नाही. फ्रान्समध्ये ठेंगण्या माणसास उचलून फेकण्याचा एक खेळ चाले. एका नगराध्यक्षाने घातलेली त्याची बंदी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९९५ साली मानवी प्रतिष्ठेच्या नावाने उचलून धरली. बंदीविरुद्ध लढला तो स्वतः तो ठेंगणा माणूसच. काम असणे हीही प्रतिष्ठाच, असे त्याचे म्हणणे होते. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्याची तक्रार फेटाळली. निकाल आम्हांस मान्य आहे. त्या माणसाचा युक्तिवाद मात्र आम्ही अद्याप खोडून काढू शकलेलो नाही.

हा केवळ पुस्तकी प्रश्न असता तर वाचकांचा वेळ घेतला नसता. काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थानच्या जत्रेत, फेरीच्या टोकास, खाज्यांच्या दुकानांपलीकडे एक तंबू लागे. आत खुर्चीवर दोन-अडीच फुटांचा एक प्रौढ माणूस बसलेला असे; तिकीट दहा रुपये. काही महाजनांनी हरकत घेतली आणि कायद्याचा अभिप्राय आमच्याकडे मागितला. आम्ही तंबूत जाऊन कंत्राटदाराचा कागद पाहिला. वय, मजुरी, सही, सारे ठीक होते. बाधा नाही, असा अभिप्राय आम्ही लिहून दिला, आणि तो कायद्याने बरोबरच होता.

रात्री उशिरा तंबूच्या मागे तो माणूस पत्रावळीवर भात जेवत होता. बेळगावकडची मराठी बोलत होता. आम्हांस ओळखून म्हणाला, "वकीलसाहेब, पालखी किती वाजता निघते हो? चार वर्षं येतोय, पण त्या वेळीच गर्दी असते, मालक सोडत नाही. देव अजून पाहिला नाही."

रात्रभर हजार माणसे त्यास पाहून गेली होती. कलम १४ मध्ये याला उत्तर नव्हते, आणि कागद वाचताना आम्हीही त्याच्याकडे मान वर करून पाहिले नव्हते.

पुढल्या वर्षी जागांच्या लिलावाच्या अटींत आम्ही एक ओळ घातली: पालखीच्या वेळी दोन तास सर्व तंबू बंद राहतील. महाजनांनी ती एकमताने मान्य केली. खेळण्यांची दुकाने, रहाटपाळणा, साऱ्यांनी ती पाळली. त्या तंबूच्या कंत्राटदारास मात्र ती परवडेना. त्याने जागा घेतली नाही, आणि तो माणूसही आला नाही. आता तेथे उसाच्या रसाचा चरक असतो.