वाहते पाणी आणि आपला धम्म



१९०१ साली बालवयातील बाबासाहेब मसूर स्टेशनवरून बैलगाडीने खटाव तालुक्यात वडिलांकडे निघाले. शिदोरी होती, पण जातीमुळे पाणी मिळेना. सारी रात्र तहानेत गेली. १९२७ साली त्यांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. हक्कामागून कर्तव्य येते.

माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पाऊस थोडा. तोही वस्तीच्या रस्त्यावरून ओढ्याला वाहून जातो. हिशोब करा. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला, तर २० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०,००० लिटर पडते!

म्हणून मृगाआधी रस्त्याकडेला, रस्त्यापेक्षा खोल आळे खणा. पावसाचे पाणी आत वळवा, गटाराचे नको. बुडाशी पालापाचोळा घाला. कडुनिंब, करंज, पिंपळ लावा. पिंपळाला सूत गुंडाळू नका; बोधिवृक्ष म्हणून जपा.

सम्राट अशोकाने विहिरी खोदल्या, झाडे लावली, ती माणसांसाठी आणि जनावरांसाठी. गिरनारच्या शिलालेखात तसे कोरलेले आहे. तुमच्या झाडाखाली बसणाऱ्याला जात विचारू नका. हेच दान, हीच मैत्री.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!