आराखड्याचं पहिलं पान

पैठणची ही गोष्ट. तिच्यातली माणसं कल्पित आहेत. नदी, धरण, इतिहास आणि कायदा खरे आहेत.

पैठणचा विकास आराखडा नव्यानं करायची वेळ आली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे शहराचा आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारायचा असतो. तेवढ्या काळात शेतांचे प्लॉट पडतात, घरांवर मजले चढतात, जुन्या नकाशातले कितीतरी रस्ते कागदावरच राहून जातात. हे सगळं पुन्हा मोजायचं आणि पुढच्या वीस वर्षांचं गाव कागदावर उतरवायचं, हे काम एका तरुण नगररचनाकार बाईंकडे आलं.

बाई हुशार होत्या, कामावर जीव टाकणाऱ्या होत्या. मोजणीला हात घालण्याआधी त्यांनी गावाचा इतिहास वाचून काढला. हे सातवाहनांचं प्रतिष्ठान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून याची नोंद आहे. ज्ञानेश्वरादी भावंडांची शुद्धिपत्राची कथा इथल्या ब्रह्मवृंदापाशी घडते, रेड्यामुखी वेदांची कथा नागघाटावरची. एकनाथ महाराज इथले, पैठणी इथली. एवढ्या थोर गावाला साजेसा मोठा आराखडा करायचा, असं बाईंनी मनाशी ठरवलं.

आणि तो मोठाच झाला. एकनाथांच्या समाधी मंदिराकडे जाणारा रुंद रस्ता, त्याच्या तोंडाशी कमान, नदीकाठी बगीचा, बहुमजली यात्री निवास, वाहनतळ, पैठणीचं विक्री संकुल, संग्रहालय. प्रत्येकासाठी जमिनीवर आरक्षण टाकलं. गोदावरीलगतचा एक लांब पट्टा पाहणीच्या नकाशात ‘रिकामी जागा’ म्हणून रंगवला होता. यात्री निवास आणि संकुल तिथं सहज बसलं. पूर, मैलापाणी आणि अडीअडचणीला गावाबाहेर पडायच्या वाटा हे विषयही होते, अगदी शेवटच्या प्रकरणात.

प्रारूप आराखडा जाहीर झाला. कायद्यानं हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. नगरपालिकेत अर्जांचा ढीग लागला. कोणाच्या शेतातून रस्ता गेला होता, कोणाच्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण पडलं होतं. प्रत्येक अर्ज आपापल्या जमिनीसाठी होता. त्या ढिगात वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला एक अर्ज निघाला. त्यात एवढंच होतं: ‘नदीकाठच्या पट्ट्यात माझी एक गुंठाही जमीन नाही. पण ती जागा रिकामी नाही.’

अर्ज करणारे होते एक म्हातारे नावाडी. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. सुनावणीची तारीख यायच्या आधीच बाई त्यांना शोधत नदीवर गेल्या.

“मामा, तिथं घर नाही, शेत नाही. मग रिकामी नाही म्हणजे काय?”

“चला, दाखवतो,” मामा म्हणाले.

आधी ते त्यांना काठावरच्या एका गल्लीत घेऊन गेले आणि एका घराच्या उंबऱ्यापाशी थांबले. “ताई, 2006 च्या ऑगस्टात पाणी हितवर आलं व्हतं. वर नाशिक-नगरकडं पाऊस थांबंना, आणि धरण तर काठोकाठ. मग दरवाजे उघडण्याबिगर इलाजच न्हाई.”

बाईंना आकडे पाठ होते. गावाच्या अगदी उशाशी जायकवाडीचं धरण, सुमारे दहा किलोमीटर लांबीचं, 27 दरवाजांचं. मागे नाथसागर, एकूण साठा सुमारे 102 टीएमसी. 2006 च्या त्या पुरात दोन लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडावं लागलं होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. हे धरण मुळात सिंचनासाठी बांधलेलं. पावसाळा सरता सरता ते भरलेलं असावं यातच मराठवाड्याचं हित, आणि भरलेल्या धरणात वरून आणखी पाणी आलं की ते खाली सोडणंही भागच. आकडे पाठ होते. त्या आकड्यांचा उंबरा त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

“ह्या गल्लीतून आम्ही म्हाताऱ्या माणसांना खाटेसकट उचलून वर नेलं,” मामा सांगत होते. “गल्ली येवढी अरुंद, की एक हातगाडी आडवी झाली तर मागची सगळी माणसं पाण्यात उभी.”

मग ते नदीकाठच्या पट्ट्यात आले. मामांनी काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या. “फाल्गुनात नाथषष्ठीच्या यात्रेला या. ह्या कोपऱ्यात ही दिंडी, तिच्या पल्याड ती. राहुट्या, चुली, कीर्तनाचे मंडप, पाण्याचे टँकर. कोणी कुठं उतरायचं ते बापजाद्यांपासून ठरल्यालं हाय. आणि भादव्यात गोदा, आमची गंगा, चढली की ती पहिल्यांदा ह्याच जागेत पसरती. हितं पसरली म्हणून गल्लीत यायला तिला येळ लागतो. फाल्गुनात ही जागा वारकऱ्यांची, भादव्यात गंगेची. तुम्ही मधल्या दिवसांत मोजणी केली, म्हणून रिकामी दिसली.”

बाई गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “म्हणजे मामा, गावानं मोठं होऊच नये का? लाखो माणसं येतात. त्यांना चांगलं यात्री निवास नको? विणकरांना बाजार नको?”

“का नको? हवंच. नाथमहाराजांच्या कावडीची गोष्ट ठाऊक हाय ना?”

ती कोणाला ठाऊक नाही! काशीची गंगा रामेश्वराला वाहायची म्हणून नाथ कावड घेऊन निघाले. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. बरोबरच्यांनी आपापल्या कावडी जपल्या; नाथांनी आपल्या कावडीतलं पाणी गाढवाच्या मुखात ओतलं.

“लोकांना वाटलं, नाथांची यात्रा मोडली,” मामा म्हणाले. “मोडली कशाची? ज्याच्यासाठी कावड उचलली, तोच वाटंत भेटला. तुमची कावड लई मोठी हाय ताई, आन चांगली हाय. फक्त त्यातलं पाणी पहिल्यांदा कोणाच्या तोंडात पडणार, तेवढं सांगा.”

त्या रात्री बाईंनी आराखडा पुन्हा उघडला. या वेळी नकाशाशेजारी त्यांनी दोन गोष्टी मांडल्या, कायद्याचं कलम 127 आणि नगरपालिकेची ऐपत. कलम असं सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षणाची जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक ती विकत घ्या म्हणून नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. लहान शहराच्या तिजोरीत सगळ्या जमिनी घेण्याइतका पैसा कधीच नसतो. आधीच्या प्रकरणांतल्या जागांना तो मिळतो, मागच्या पानांवरच्या जागा वाट पाहतात आणि घड्याळ संपलं की सुटतात. आपण पूर आणि बाहेर पडायच्या वाटा शेवटच्या प्रकरणात ठेवल्या, म्हणजे त्या होऊ नयेत अशीच तजवीज केली, हे बाईंना तेव्हा स्वच्छ दिसलं. कागदावर सगळंच होतं. गावाचं भवितव्य मात्र क्रमानं ठरणार होतं.

एवढं केलेलं काम बदलायचं म्हणजे माघार, असंही त्यांच्या मनात आलं. पण त्यांच्या खिडकीतून दिसणारं धरण स्वतःच एका बदललेल्या योजनेतून उभं राहिलं होतं. हैदराबाद संस्थानच्या काळात ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ योजलेलं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुन्हा पाहणी झाली आणि ध्यानात आलं की नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला बांधलं तर कालवे उंचावरून लांबवर नेता येतील आणि जास्त जमीन भिजेल. जागा बदलली. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी इथं पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. नाव जायकवाडीचंच राहिलं, आणि मराठवाड्याच्या कोरड्या रानाला पाणी द्यायचा हेतूही तोच राहिला.

नियोजन समितीपुढे बाईंनी बदललेली मांडणी ठेवली. पहिल्या पानावर दोन पूररेषा होत्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, तिच्या आत बांधकाम नाही. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, तिथपर्यंत फक्त बंधनं पाळून बांधायचं. त्यानंतर काठावरच्या वस्तीतून उंच भागाकडे जाणारे रस्ते, मग उंचावरच्या शाळा, ज्या पुरात आसरा होतील आणि षष्ठीला वारकऱ्यांचा मुक्काम. नदीकाठचा पट्टा ‘यात्रा मैदान आणि पुराची जागा’ म्हणून कायमचा मोकळा. गोदावरीत मैलापाणी जाऊ नये म्हणून गटारं आणि शुद्धीकरण. यात्री निवास, संकुल आणि संग्रहालय यांतलं काहीही वगळलं नव्हतं. ते गावाच्या उंच अंगाला नेलं होतं आणि पुढच्या टप्प्यात ठेवलं होतं.

समितीतले एक जण म्हणाले, “पैठणचा आराखडा, आणि पहिल्या पानावर पूर नि गटार? बाहेरचे लोक काय म्हणतील?”

बाई म्हणाल्या, “साहेब, बाहेरचे लोक नदीत स्नान करायला येतात. गटाराचा पैसा आधी दिला तर त्यांना नदी मिळेल. संग्रहालय पाच वर्षांनी झालं तर कोणाचा जीव जाणार नाही; वर जायचा रस्ता पाच वर्षांनी झाला तर जाऊ शकतो.”

वाद पुष्कळ झाला. काही आरक्षणं सुटली, काही नव्यानं पडली, सगळ्यांचं समाधान झालं नाही. आणि रुंद करायच्या पहिल्याच रस्त्यात, समाधी मंदिराकडच्या त्याच रस्त्यात, मामांच्या घराचा ओटा गेला. बाई अवघडून त्यांना सांगायला गेल्या.

मामांनी ओट्यावरून हात फिरवला. वाईट त्यांना वाटलंच. त्यांच्या वडिलांनी बांधलेला ओटा होता तो. “घ्या,” ते म्हणाले. “पण एक करा. रस्त्याच्या वरच्या तोंडाला ती कमान उभी करू नका. पुरात माणसांनी भरलेला ट्रॅक्टर तिच्याखाली अडकंल.”

बाईंनी कमान नकाशातून काढून टाकली.

या गोष्टीचा बोध प्रत्येक गावासाठी आहे. दूरचं स्वप्न बदलावं लागतं तेव्हा बहुधा स्वप्न चुकलेलं नसतं, त्यातला क्रम चुकलेला असतो. गावाच्या आराखड्यात काय काय आहे यापेक्षा त्यात पहिलं काय आहे, यावरून ते गाव कोणाचं आहे ते कळतं. ज्याच्या दारात पाणी आधी येतं आणि मदत शेवटी पोहोचते, त्याला पहिल्या पानावर घ्यावं. थोरपणाची बाकी कामं मागून होतात आणि टिकतात. आणि ज्यांना तो क्रम पटतो त्यांनी आपल्या ओट्यावर रेघ आली तरी ती ओढू द्यावी. तुमच्या गावाचा प्रारूप आराखडा लागेल तेव्हा आपल्या प्लॉटवर काय पडलं ते जरूर पाहा. पण तीस दिवस संपायच्या आत एक अर्ज अशा जागेसाठीही लिहा, जी तुमची नाही आणि रिकामीही नाही.