माघार, पण नंबर न सोडता

परवा एका तरुण सहकाऱ्याने माझ्या कोडवर शेरा मारला: ‘डेडलॉकचा एरर येतोच कसा? लॉक ठरलेल्या क्रमाने घेतले की प्रश्न मिटला.’ पूर्वी मीही हेच सांगत असे, म्हणून शेरा जास्तच टोचला.

डेडलॉक म्हणजे काय ते सांगत बसत नाही. बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की कळतंच. पण माझा कोड ग्राफिक्स ड्रायव्हरचा, आणि त्याला क्रम ठरवायचा म्हटला तरी ठरवता येत नाही. ॲप बफरांची यादी देतं, ते सगळे एकदम धरायचे. यादी पत्त्यांनुसार लावून घेऊ म्हणाल, तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी, व्हीरॅम, भरलेली असते. जागा करायला जो बफर बाहेर काढायचा तो यादीत नसतोच, आणि त्याचाही लॉक लागतो.

म्हणून लिनक्सच्या कर्नलने 2013 मध्ये, 3.11 आवृत्तीत, ‘वूंड-वेट म्यूटेक्स’ हा लॉक आणला. युक्ती डेटाबेसवाल्यांची, 1978 सालची: प्रत्येकाला आल्या क्रमाने नंबर. पेच पडला की धाकट्याला डेडलॉकचा एरर मिळतो; त्याने हातातले सगळे लॉक सोडायचे, जिथे अडला तिथे थांबायचं, तो मिळाला की बाकीचे पुन्हा घ्यायचे. (गंमत म्हणजे नाव वूंड-वेट, पण आत चालायची त्याचीच दुसरी तऱ्हा, ‘वेट-डाय’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! खरं वूंड-वेट 2018 मध्ये आलं.)

लॉक आणि नंबर यांतला फरक मला फार आवडतो. लॉक वस्तूवर असतो, नंबर माणसाचा असतो. माघार घेणारा लॉक सोडतो, नंबर नाही. नवे येत राहतात, तसा तोच थोरला होत जातो आणि कधीतरी त्याची पाळी येतेच. नुसत्या सौजन्याने हे होत नाही. ‘आधी तुम्ही’ म्हणणारे दोघेही दारातच राहतात.

तेव्हा हा एरर बग नव्हे, रीत आहे. असं उत्तर लिहायला घेतलं आणि थबकलो. माघारीची वाट क्वचितच चालली जाते. तिथे काटे असले तर कळणार कसं? कर्नलमध्ये खोटे डेडलॉक मुद्दाम घडवणारा डीबग पर्याय आहे. तो चालू केला. माझा कोड माघार घेताना एक बफर सोडायलाच विसरत होता.

शेऱ्याचं कारण चुकलं होतं, संशय खरा होता. माघारीची मी इतकी तरफदारी केली, तालीम मात्र एकदाही केली नव्हती. शेऱ्याखाली लिहिलं: ‘बग आहे. माझाच.’