गीता 3.12 : मेहनती बांडगूळ



तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकात भगवंत एक फार कडक शब्द वापरतात. चोर. देवांनी दिलेलं घ्यायचं आणि त्यांना काहीच न देता एकट्यानं भोगायचं, असं जो वागतो तो चोरच, म्हणतात. वाचताना वाटतं, हे काही आपल्याबद्दल नाही. आपण कमावतो, आपला ईएमआय आपण भरतो, कुणाचं लुटत नाही.

म्हणून आज बांडगुळाकडे बघू. कोकणात आंब्यावर हमखास दिसतं. जाडसर पानं, नारिंगी-लाल नळीसारखी फुलं. लांबून आंब्याचीच फांदी वाटावी. ऐतखाऊ माणसाला आपण बांडगूळ म्हणतो, पण खरं बांडगूळ आळशी नाही हं! त्याची पानं हिरवी असतात, उन्हात राबून स्वतःचं अन्न तयार करतात. फक्त त्याचं मूळ मातीत कधी जातच नाही. ते फांदीत शिरतं आणि झाडानं जमिनीतून ओढून आणलेलं पाणी नि क्षार घेतं. पाण्याची ओढ लागली की आंबा पानांची रंध्रं आवळून काटकसर करतो. बांडगूळ मात्र उपसतच राहतं.

मला भीती याचीच वाटते. आळशी चोर लगेच ओळखू येतो. मेहनती चोराला तर स्वतःचाही संशय येत नाही, कारण तो खरंच दमलेला असतो. ऑफिसातून दमून आलोय, हे खरं. पण सकाळी साडेपाचला उठून डबा भरणारी आई? तिचे गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि डबा रोज वेळेवर मिळतो. साधनेचंही तेच. कुणीतरी जन्मभर नाम घेतलं, आणि आपण त्यांची चाळीस सेकंदांची रील ऐकून शांत झोपतो.

मग बांडगूळ पापी का? छे! त्याची फळं फुलटोच्या खातो, चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसतो. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू (काय गोड नाव आहे!) याच्याच पानांवर अंडी घालतं, अळ्या तीच पानं खाऊन वाढतात. चक्रात तेही आपला वाटा देतंय. शिवाय त्याला जगायचा दुसरा मार्गच दिलेला नाही. आपल्याला आहे, म्हणून तो कडक शब्द आपल्या वाट्याला आला.

बांडगुळाची नुसती पानं खुडली तर फांदीतल्या मुळातून ते पुन्हा फुटतं. जोडाच्या बरंच खालून फांदीच कापावी लागते. मदर्स डेचं स्टेटस म्हणजे पानं खुडणं झालं. साडेपाचचा गजर उद्या आपल्या फोनवर लावून बघा.

उद्या तेरावा श्लोक. तो तर थेट स्वयंपाकघरातच शिरतो.